नव्व्याण्णव अंश

सव्वाचार किलो. काटा लागत नाही, हाताला कळतं.
मृण्मयी आवटीनं तो टेबलावर ठेवला
तसा माझ्या स्क्रूंचा डबा हलला.
"गेम लावला की विमान सुटतंय, शिकलगार काका,
आणि उडत काहीच नाही."

एप्रिल. बाहेर एक्केचाळीस,
आत प्रोसेसर नव्व्याण्णव.
शंभराला तो आपोआप पाय मागं घेतो,
चित्र अडखळतं,
पोरगी मरते, दर वेळी त्याच पुलावर.

खरं तर हा जीव डेस्कटॉपचा.
ऐसपैस डब्यात राहायचा,
उशाला विटेएवढा पंखा घेऊन.
कुणीतरी त्याला या दप्तरात कोंबला:
तालमीतला गडी
धाकट्या भावाच्या सदऱ्यात.
श्वास घेतला की बटण तुटणार.

चौदा स्क्रू. पंधरावा आधीच कुणी हरवलेला.
झाकण उचललं आणि थांबलो.
पात्यापात्यांत धूळ, पण पिवळी.
नखावर घेतली, हुंगली.
राजापुरी का सेलम ते नाही सांगता येणार,
हळद एवढं नक्की.
"घर कुठं गं?"
"यार्डाच्या मागं. पप्पा पॉलिशचा ड्रम चालवतात."

तांब्याच्या नळ्या सहा, करंगळीहून बारीक,
आत थेंबभर पाणी कोंडलेलं.
तापलं की वाफ होऊन पंख्याकडं पळतं,
निवलं की पाणी होऊन परत येतं.
हमालीच ती.
पाठीवरचं टाकायचं, रिकामं यायचं.
पण टाकणार कुठं,
दारातच पिवळी भिंत.

ब्रशनं झाडलं. बोटं लग्नघरातली झाली.
वाळल्या गंधासारखी जुनी पेस्ट खरवडली,
नवी मसुरीएवढी. जास्त लावली
की तीच गोधडी होते.
मग व्होल्टेज जरा उतरवलं.
"ताकद कमी होईल?"
"भूक कमी होईल. ताकदीचं बघू."

हरिपूरला माझे चुलते हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड उघडून पेव दिवसभर तसंच ठेवायचं,
मग दोरीला कंदील.
तो जळत राहिला तर माणूस.
पंखे जोडताना मला उगाच ते आठवलं,
आणि बटण दाबून मी नुसता कान दिला.

पुलापर्यंत एक्क्याऐंशी.
पुलावर सत्त्याऐंशी.
ओलांडला तिनं.
पलीकडं झुडपात कुणी दबा धरून होता,
त्यानं टिपलीच.
ती खदखदून हसली:
"ही मी मेले, काका. मशीन नाही!"

खाली ठेवायला सोड्याची चार बुचं दिली,
म्हणालो, महिन्याला आण, हळद काय थांबायची नाही.
पैसे शनिवारी देते म्हणाली.
बिलबुकात तिच्या नावापुढं
माझाच पिवळा अंगठा उठलाय.