अंतिम वापरकर्त्याचे प्रतिज्ञापत्र

मी, सुगंधा हसुराम मढवी, राहणार गोठिवली,
धंदा पंख्यांच्या मोटारी, गाळा नंबर बेचाळीस, रबाळे एमआयडीसी,
सत्यावर लिहून देते की
मागवलेल्या साडेचारशे किलो चुंबकांपासून
मी क्षेपणास्त्र बनवणार नाही.

असंच लिहायचंय. चौथ्यांदा.
आधीचे तीन परत आले.
एकात शिक्का पुसट, एकात गिऱ्हाइकाचं नाव अर्धं,
तिसऱ्याचं कारण चिनी भाषेत होतं;
सीवूड्सचा एक पोरगा वाचून देतो म्हणाला,
अजून देतोय.

माल तिकडच्या बंदरात पडून आहे.
न्हावाशेव्याचा आमचा एजंट, दिघोडकर,
रोज सकाळी फोनवर एकच शब्द बोलतो: निघेल.
इकडे तांब्याची तार गुंडाळून तयार,
पाती रंगवून टांगलेली,
अकरा बायका डबे खाऊन बसलेल्या,
आणि प्रत्येक मोटारीच्या पोटात
नखाएवढ्या जागा रिकाम्या.
दुधाचे दात पडलेल्या पोरांसारख्या मोटारी
तोंड उघडून माझ्याकडे बघतात.

दुर्मिळ माती म्हणतात हिला.
भाचा सांगतो, दुर्मिळ कसली गं आत्या,
समुद्राकाठच्या रेतीतही सापडते.
पण सतरा भावंडं एकाच सातबाऱ्यावर,
वेगळी करायला आम्ल लागतं, पाणी लागतं, वर्षं लागतात,
आणि मागे उरतो तो चिखल
कुणालाच आपल्या दारात नको असतो.

हे मला लगेच कळलं.

बाबा मिठागरावर होते.
भरतीचं पाणी या कोंडीतून त्या कोंडीत,
मीठ कधी धरणार ते त्यांना तळपायांनी कळायचं.
त्यांना विचारलं, वेगळं करण्यात अवघड काय असतं?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, थांबाचा कवा, त्ये कलला पायजे.

दोन वर्षांमागे प्रणितनं
माझ्या वाटच्या साडेबारा टक्क्यांतले तीन लाख
ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीत टाकले.
खाण मी बघितली नाही.
मोबाइलवर एक हिरवी रेघ बघितली, आजारी सापासारखी पडलेली.
यंदा माल अडला
आणि रेघ फणा काढून उभी राहिली.
मी गाळ्यात रडकुंडीला आलेली,
हा रात्री पेढे घेऊन दारात:
आत्या, तू अडकलीस ना, म्हणूनच आपण वर!

भाकरीचा तुकडा हातातच राहिला.
माझ्याच गाळ्याच्या कुलपावर मी पैज लावली होती
आणि जिंकत होते.

विकू?
वेडी आहेस का, अजून महिनाभर अडू दे.

अडू दे.
अकरा पगार. कुंदाच्या पोरीची फी. अडू दे.

पहाटे त्याला उठवून अर्धे विकायला लावले.
पगार झाले.
अर्धे ठेवले.
का ठेवले, ते या प्रतिज्ञापत्रात विचारलेलं नाही.

विचारलंय ते रकाना नऊमध्ये:
हा माल शेवटी कोण वापरणार? नाव, पत्ता, प्रयोजन.
शेवटी कोण, ते मला कसं ठाऊक?
पंखा पनवेलला जाईल, धुळ्याला जाईल,
कुठल्या तरी बाळंतिणीच्या डोक्यावर फिरेल.
तरी लिहिते:
हसुराम बामा मढवी, वय चौऱ्याऐंशी.
आमचा पहिला नमुना त्यांच्याच खाटेवर लावलाय.
आवाज करत नाही म्हणून त्यांना तो आवडत नाही;
बोट ओलं करून वर धरतात,
वारा आहे का बघायला,
मिठागरावर धरायचे तसं.
प्रयोजन: झोप.

आता खाली शिक्का.
शिक्क्याच्या शाईची पत्र्याची डबी
टेबलावरच्या नमुन्याच्या चुंबकाला जाऊन चिकटलीय.
ओढून निघत नाही ती.
बाजूला सरकवत न्यावी लागते, हळूहळू,
बोट सांभाळून.