बिगरनिवासी

घरपट्टीच्या बिलात छापलेलं :
पुढची खोली, एकशे चाळीस चौरस फूट, बिगरनिवासी.
म्हणजे पालिकेच्या लेखी
आम्ही मागच्या दोन खोल्यांतच राहतो.

चिट्याल सर म्हणाले, चोरी नाही करायची की ओ,
हरकत घ्यायची. नियमातच आहे.
माग नाही तर घरगुती दर लावा म्हणायचं.
वीज तोडल्याची पावती जोडा,
भंगारवाल्याची पण.
आणि मुदतीच्या आत भरलं तर सूट वेगळी.

अर्ज मीच लिहिला.
‘सदर खोलीत आता काहीही चालत नाही’
इथवर आले
आणि चहा ठेवायला उठले.

मोजायला आलेला पोरगा टेप धरून वाकला.
फरशीत बोल्टांची चार भोकं,
त्यांत टॉवेलचा गुलाबी कोंडा अजून.
हे काय, म्हणाला.
माझ्या आधी नवराच बोलला,
“मग्गम उंडे,” तेलुगूत.
पोरगा साखर पेठेतला, त्याला कळलं.
तीस वर्षांच्या खडखडाटात
यांचा डावा कान गेलाय,
सगळ्यांशी ओरडूनच बोलतात.
त्या दिवशी हळू बोलले.

नवीन बिल आलं. अकराशे सत्तर रुपये कमी.
चिट्याल सर पेढे मागतात,
त्यांचा हक्कच आहे.

मी आता पुढच्या खोलीत झोपते,
कायद्याने निवासी.
रात्री दोनला जाग येते,
चालता माग मध्येच थांबला की यायची
तशी.
पायाला गार लागतं.
भोकं बुजवायची राहिलीत.