पिठ्याच्या खात्यावर

पहिल्यांदा तो मुतला ज्वारीच्या थैलीवर.
थैली कुसुम गेडामची, बारा किलो,
वर निरोप: बारीक दळजो.
मला वासावरूनच कळलं.
बावीस वर्षं गिरणीत उभं राहून
नाक असं तयार झालंय की
कोणाच्या गव्हात सोंडे, कोणाची डाळ ओल लागलेली,
कोणी रेशनचा तांदूळ घरचा म्हणून आणलाय,
पाहावं लागत नाही.
घरची बारा किलो मोजून दिली कुसुमला
आणि पिठ्याला झाडूने बाहेर काढलं.

मुळात राखाडी बोका तो.
पांढरा दिसतो तो आमच्या धंद्यामुळे.
दोन वर्षं घमेल्यातल्या रेतीतच जायचा,
उकरायचा, झाकायचा,
आणि मागे वळून पाहायचा
हिशेब जुळलेल्या माणसासारखा.

मग थैल्या. मग यांच्या चपला.
मग मामाजींच्या खाटेवरची वाकळ.
कडुलिंबाचा पाला पसरला.
मिरचीपूड टाकली, तर गिऱ्हाइकंच शिंकत पळाली.
फिनाईल ओतलं, तर पुन्हा तिथेच,
जरा जास्त मन लावून.
शेजारची बेबी म्हणाली, "सोडून ये थ्याले नाल्यापल्याड."
नवरा पोतं घेऊन उठलासुद्धा.
मामाजी म्हणाले, "राहू दे त्याले."
मामाजी फार बोलत नाहीत.
ही गिरणी त्यांनीच घातली
आणि तिनेच त्यांचे कान खाल्ले.

दारव्ह्याला गुरांच्या दवाखान्यात नेला,
कुटाराच्या टोपलीत, वरून दुपट्टा बांधून.
ओळीत दोन गाई, एक बकरी, मग मी.
नेवारे कंपाऊंडर हसला, "मांजर? औंदा पहिलंच."
मग हसणं बाजूला ठेवून पोट चाचपलं.
जोर करते काय, थेंब थेंब होते काय, लाल दिसते काय?
नाही, नाही, नाही.
"घमेलं कुठं ठेवता?"
मोटरीमागे. नवी दहाची बसवली तेव्हा तिथे सरकवलं.
"अन् लाईन कवा येते?"
तिचा काय नेम.
"तुमी बसले असते काय थ्या ठिकानी?"

घमेलं आणलं मागच्या खोलीत,
दुसरं ठेवलं अंगणात, तुराट्यांच्या आडोशाला.
रोज रेती चाळते, पीठ चाळते तशी,
चाळणी वेगळी आहे, हे सांगून ठेवते,
गावाला बोलायला वेळ लागत नाही.

आठ दिवसांत थैल्या कोरड्या.
चपला कोरड्या.
वाकळ ओली.
एक दिवस आड, पहाटे, मामाजींची हाक:
"सूनबाई, तुह्या मांजरानं पुन्हा…"
वाकळ उचलली, हापशीकडे निघाले,
आणि वाटेत ती नाकाशी आली.

बोक्याचा वास डोळ्यांत जातो.
हा गेला नाही.

हापशीचा दांडा अर्ध्यात धरून मी किती वेळ उभी होते,
मागे दोन बादल्या खोळंबल्या.
राहू दे त्याले, म्हणाले होते.

घरात आले तर मामाजी भिंतीकडे तोंड करून,
पायाशी पिठ्या, पोटावर पंजे दुमडून.
मी ओरडले, बहिऱ्या कानात पोचेल एवढ्याने,
"मेल्या पिठ्या! किती सांगायचं तुले!"
पिठ्याने एक कान हलवला.
मामाजींचे खांदे जरा खाली आले.

रात्री खाटेखाली डबा ठेवला, रुंद तोंडाचा, झाकणाचा.
वर झिरोचा बल्ब लावला.
कोणासाठी, कोणी विचारलं नाही.
बुधवारी मामाजींना यवतमाळला नेते,
चष्म्याचा नंबर पाहायला, असं सांगितलंय घरात.
चष्म्याचंही पाहूच.

नवरा म्हणतो, "वाकळ अजून ओलीच? आज नेतोच त्याले."
म्हटलं, पोतं ठेवा खाली.
त्याच्या नावावर जे काही आहे ते मी भरते.
तेवढ्यात लाईन आली, मोटर गरजली,
आणि थैल्या सरकवत, एकेक हुंगत,
मी दळायला उभी राहिले.