सुटे भाग

लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहिलेली यादी
मी गोलाणी मार्केटच्या काउंटरवर ठेवली.
प्रोसेसर. रॅम बत्तीस. मदरबोर्ड, पुढे वाढवता येईल असा.
कार्ड. पॉवर सप्लाय नाव असलेल्या कंपनीचा,
कारण अमळनेरची लाइट जाते तशी सरळ जात नाही,
जाता जाता परत फिरते, आणि तेव्हाच जाळते.

दर्याणीच्या पोराने यादी वाचली,
मग माझ्या मागे पाहिलं, कुणी माणूस येतोय का.
"एडिटिंग कोण करतं?"
मी.
"गेमिंगवालं कॅबिनेट दाखवू? लाल-निळे दिवे लागतात."
दिवे नकोत. जाळी दाखव.
आमच्या घरामागे जिनिंग आहे.
दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत रुई.
जुन्या मशीनचा पंखा उघडला तेव्हा
आतून उशी निघाली, तान्ह्या बाळाला पुरेल एवढी.

आणि मे महिना.
पारा शेहेचाळीसवर, सगळी गल्ली कूलरपुढे पाय पसरून,
मी मात्र कूलर दुसऱ्या खोलीत ढकलते.
त्याची ओली हवा मशीनला चालत नाही.
त्याला कोरडा टेबलफॅन, मला ओला टॉवेल.
रेंडर होताना नव्याण्णव टक्क्यांवर रेष थांबायची.
भिकन म्हणायचा,
वऱ्हाड वेशीपाशी आलं आणि रुसलं.

बासष्ट हजार.
सतरा लग्नं, दोन कानबाईच्या मिरवणुका,
आणि एक वाढदिवस, ज्याचे पैसे अजून यायचेत.

"ताई, सगळं कार्डात घाला," पोरगा म्हणाला,
"फोर-के लोण्यासारखं कापाल."
खोटं नव्हतं ते. भिकननेही पाकिटावर
कार्डाखाली दोन रेघा मारल्या होत्या.
डिस्क?
"एक टेरा बस झाली. काम झालं की उडवायचं.
पार्टीने पेनड्राइव्ह नेला, विषय संपला."

मीही तेच करायचे.
दोन वर्षांपूर्वी जागा संपली,
दुसऱ्या दिवशी टाकरखेड्याची हळद,
मी एक अख्खं जुनं लग्न निवडलं आणि डिलीट दाबलं.
फिल्म तर पार्टीकडे होतीच.
फिल्ममध्ये हिलाल आप्पा अकरा सेकंद आहेत,
वरण-बट्टीच्या पंगतीत, हातात तुपाची किटली,
ओठ हलतायत,
वर मी सनई टाकलीय.

गेल्या पौषात गोजरबाई आली.
चहा नको म्हणाली. बंद पडद्याकडे बघत राहिली.
"तेस्ना आवाज शे का तुन्हाजोडे?"

कच्च्या फुटेजमध्ये चार मिनिटं होती.
आप्पा भिकनवर ओरडत होते,
ठेव ते डबडं, पहिले जेयी ले.
मी सनई हळूहळू कमी करत शून्यावर आणली.
सनईखाली काही नव्हतं.
गोजरबाई तरी कान पुढे करून बसली होती.

कार्ड एक नंबर खालचं दे, मी म्हटलं.
आणि डिस्क दोन दे, मोठ्या.
एकीवर काम. दुसरी तिची नक्कल,
ती माहेरी ठेवणार, पारोळ्याला, गव्हाच्या कोठीवर.
घर जळालं तरी लग्नं वाचतील.
पोराने कॅल्क्युलेटरवरून मान वर केली.
"स्लो पडेल, ताई."
पडू दे.

भिकन दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला,
केबली पोटाशी नीट बांधल्या, जाळी लावली,
मशीन सुरू झालं आणि आवाज इतका कमी
की दोघांनी वाकून पाहिलं, चालू आहे ना.

जुन्या डिस्कवर एक फोल्डर मी अजून ठेवलाय.
लग्नाची तारीख, गावाचं नाव, आत काही नाही.
शून्य केबी.
नव्या डिस्कवर आधी तोच टाकला.
कॉपी व्हायला वेळच लागला नाही.