सात नंबरचं टपाल

गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा
मी चॅपलच्या पायऱ्यांवर बसून सँडविच खात होतो,
पिशवीत अजून अर्ध्या टेकडीचं टपाल.
ब्रायर्ली अँड सन्सचा रुपर्ट म्हणाला,
"सांगायला फार वाईट वाटतंय,"
आणि त्याला वाटत नव्हतं, हे
चार मैलांवरूनही ऐकू आलं.

लंडनचं कुणीतरी. रोख पैसे. चौदा हजार जास्त.
"आमचे हात बांधलेले असतात हो."
त्यातलाच एक हात त्याने फेब्रुवारीत माझ्या हातात दिला होता,
गरम, जरा ओलसर,
आणि म्हणाला होता, झालं, घर तुमचंच समजा.

आम्ही समजलो.
नेरिसने खिडकीचं माप घेतलं,
पिवळे पडदे शिवले, जाड अस्तराचे,
समुद्राकडून वारा येतो म्हणून.
इथे सही होईपर्यंत शब्दाला वजन नसतं,
हे मला कळायला हवं होतं.
ग्रॅमवर तिकीट लावणाऱ्या खात्यात
एकवीस वर्षं काढलीत मी.

रुपर्टची भाषा वेगळी आहे,
वेल्श नाही, इंग्रजीही नाही.
तिच्यात अडचणीच्या खोलीला आटोपशीर म्हणतात,
गळक्या छपराला जुन्या काळाचा बाज,
आणि संडासावर उभं राहून दिसला
तरी ते समुद्रदर्शनच.
"निराश होऊ नका," तो त्या भाषेत म्हणाला,
"बंदरामागे एक आहे, तुमच्यासारख्यांसाठी अगदी योग्य."
तुमच्यासारख्यांसाठी.
हे कुठल्याही भाषेत कळतं.

सहाशे वीस पौंड देऊन करून घेतलेला सर्व्हे
आमच्याकडेच राहिला. अडतीस पानं.
मागच्या न्हाणीत ओल आहे, आम्हाला माहीत आहे.
तिसऱ्या पायरीखाली लाकूड पोकळ, माहीत आहे.
धुराड्यात कावळ्यांचं जुनं घरटं.
मागची पन्हळ तुंबलेली, पान बावीस, कारण अज्ञात.
घर त्यांचं झालं,
दुखणी आमच्या ड्रॉवरमध्ये.

आणि रोज सकाळी मी त्या दाराशी जातो.
जावंच लागतं, तो माझा रस्ता आहे,
पाच नंबर, सात नंबर, मग वळणावर बेवनचं गॅरेज.
पत्रपेटीची स्प्रिंग कडक आहे, बोटं चावते.
सहा महिन्यांत ते लोक दोनदा आले,
एकदा ईस्टरला, एकदा सोफा घेऊन.
आत टाकलेलं टपाल आधीच्या टपालावर पडतं,
तो आवाज हळूहळू मऊ होत गेला आहे.

ऑगस्टात ब्रायर्लीची पत्रकं आली, घरटी एक.
*तुमच्या गल्लीत घर हवं असलेली कुटुंबं
आमच्याकडे वाट पाहत आहेत.*
मी ती वाटली. पगार त्याचाच मिळतो.
पाचमध्ये टाकलं, सातमध्ये टाकलं,
संध्याकाळी फिश अँड चिप्सवरच्या आमच्या भाड्याच्या जिन्यात
स्वतःच्या दारातून एक आत सरकवलं.
नेरिसने ते उचलून वाचलं,
म्हणाली, बघ, आपल्याबद्दल छापून आलंय.
आणि आम्ही हसलो,
बऱ्याच दिवसांनी, आणि जरा जास्तच.

नोव्हेंबरच्या वादळात
पाच नंबरच्या मिसेस प्रॉसरनी मला हाक मारली.
सातच्या भिंतीवरून पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात येत होतं.
लंडनचा फोन कुणी उचलत नव्हतं,
रुपर्ट म्हणे विक्रीनंतर जबाबदार नसतो.
मी म्हटलं, ती मागची पन्हळ आहे.
तुला कसं माहीत?
मी म्हटलं, शिडी आहे का?

ड्यूटी संपल्यावर वर चढलो, लाल कोट तसाच अंगात.
हात कोपरापर्यंत आत घातला,
कुजका पाला, शेवाळ, एक काहीतरी गोल.
ते निघालं तसं पाणी घरघरत खाली गेलं.

टेनिसचा चेंडू होता.
केस गेलेला, काळा, आतून अजून टणक.
नेरिसने तो धुऊन आमच्या खिडकीत ठेवला आहे,
जिथे ते पिवळे पडदे
चार इंच खाली लोळतात.
आणि पान बावीसवर, कारण अज्ञात खोडून,
तिने पेन्सिलीने लिहिलं आहे: चेंडू.