साताचेर सात

मडगावात, आके पॉवर हाऊसपाशी,
सकाळी नऊला चारही फोन सुसाट होते.
सहाशे चाळीस मेगाबिट, पिंग अकरा.
पाश्कोल म्हणाला, बाये, इतल्या वेगान
आमचो चलो कितें पळयता, देवाक खबर.
टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएस,
डॅशबोर्डवर चार कंपन्यांचे चार फोन,
मांडीवर लॅपटॉप घेऊन मी
हिरव्या ठिपक्यांची रांग पाहत होते.

सांगे सुटलं आणि ठिपके पिवळे झाले,
रिवणच्या पुढे तांबडे.
नेत्रावळीच्या नाक्यावर वनखात्याच्या माणसाने
गाडीचा नंबर लिहिला, कारण विचारलं.
रेंज मोजायची आहे, मी म्हणाले.
नसलेली?
त्याने वहीत लिहिलं: सर्वे.

घाटात उणे एकशे अठरा, उणे एकशे बावीस,
मग आकडाच नाही.
एक टॉवर चालता कॉल दुसऱ्याच्या हाती देतो,
त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो.
इथे देणारा मागे हात पुढे करून उभा,
घेणारं कुणी नाही.

साळजिणीच्या शाळेत मात्र सरकारी केबल पोचली आहे.
पंचायतीची सुलक्षा गांवकर लॅपटॉप उघडून बसलेली,
समोर बाकावर, पहिलीच्या मुलांच्या बाकावर,
गुडघे पोटाशी घेऊन देवगी वेळीप,
जिवंत असल्याचा दाखला काढायला आलेली.
अंगठा नको, बोटं झिजली आहेत.
ओटीपी चालेल.
पण ओटीपी केबलमधून येत नाही,
तो येतो सड्यावरच्या खडकावर,
किंदळीच्या फांदीला टांगलेल्या पिशवीत,
पिशवीत देवगीचा फोन,
फोनखाली राखण बसलेला तिचा नातू.

खडक ते शाळा, चढणीची आठ मिनिटं.
ओटीपीचं आयुष्य तीन.

मी घड्याळ लावलं. सवय.
सुलक्षाने बटण दाबलं
आणि खिडकीतून बाहेर पाहू लागली, पडद्याकडे नाही.
वरून हाक आली: चार!
वळणावरच्या पोराने ती झेलली, खाली टाकली: चार!
अंगणातल्या पोरीने दारात आणून ठेवली: चार.
शून्य! शून्य! शून्य.
णव! णव! णव.
मग वारा आला.
दोन सात!
वळण थांबलं. दोन आनी सात?
ना रे, साताचेर सात!
साताचेर सात! मागीर दोन!

त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं,
हा आकडा कुणालाही सांगू नका.
अख्ख्या डोंगराला ठाऊक झालं
की देवगी जिवंत आहे.
गुरं राखणाऱ्या एकाने तर
पलीकडच्या उतारावरूनही एकदा दोन म्हटलं,
गरज नसताना.

एकेचाळीस सेकंद.
एक आकडा हरवला, पुन्हा मागवला, मिळाला.
ड्रॉप शून्य.

अहवालात माझ्याकडे सतरा रकाने आहेत.
खडकावर चढून मी माझे फोन धरले:
दोन मुके,
एक उणे एकशे चौदा,
एक कधी आहे, कधी नाही.
तेवढं भरलं.
नातू पिशवीची गाठ मारत होता, दुहेरी,
खाली वाकून, दातांनी.
टॉवर येतलो? त्याने विचारलं.
अहवाल जातो, मी म्हणाले.
ते त्याला कळलं नाही. मलाही, धड.

परतताना रिवणजवळ चारही फोन एकदम थरथरले,
सकाळपासूनचं साचलेलं सगळं घेऊन.
एक मेसेज माझ्याच कंपनीचा:
आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?
पाश्कोलने गाडी कडेला घेतली,
खांद्यावरून वाकून वाचलं.
एक, तो म्हणाला. मग थांबला.
आनी त्या पोरांक?