जोडीनं घेतलेली

रविवारी चारनंतर खजुरी बाजारात भाव उतरतो.
तोवर मी समोरच्या ओट्यावर सावली धरून उभी राहते,
स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे ढीग
हातोहात कमी होताना बघत.
फखरुद्दीन ओळखतो मला.
"आइए, आपके काम का निकला है,"
म्हणत सुतळीनं बांधलेलं जुडगं पुढे सरकवतो:
वरती माळव्यातल्या कुठल्याशा मिशनचा इतिहास,
खाली मनोरुग्णांच्या शुश्रूषेचं हस्तपुस्तक.
दोन्हींवर एकाच बुडालेल्या वाचनालयाचा शिक्का.

मिशनचे तीनशे, आत फोटो आहेत म्हणून.
वेड्यांचे चाळीस.
ते कुणी नेत नाही, म्हणतो, घरात ठेवायला भितात.
मी सुतळी सोडू देत नाही.
दोन्हींचे मिळून अडीचशे.
तो मान हलवतो, चहा सांगतो.

घरी गच्चीवर पापड घालावेत तशी
उन्हात उघडी ठेवली दोन्ही.
कसर झटकली.

इतिहासात सगळं मोजलेलं.
बैल चार. तंबू दोन. बाप्तिस्मे सात.
एका मडमेला उन्हाळा मानवेना,
रात्रभर व्हरांड्यात फेऱ्या घालायची,
तिला हवापालटासाठी मायदेशी पाठवलं.
त्याच पानावर, तळाशी,
एका बायबल-बाईला भ्रम झाला,
सबब तिचे दरमहा साडेतीन रुपये बंद.
तिला कुठे पाठवलं ते नाही.
पुढच्या ओळीपासून विहिरीचा खर्च.

हस्तपुस्तकात शेवटी प्रश्नांचा तक्ता आहे,
रोग्याजवळ बसून परिचारिकेनं भरायचा.
कुणीतरी भरलाय, पेन्सिलनं, मराठीत,
अक्षर बारीक, वेलांट्या लांब ओढलेल्या.
झोप येते का? — तिसरी रात्र.
जेवण? — लोक बघत नसले की.
कशाची भीती वाटते? — घंटेची.
भेटायला कोण येतं?
इथे खोडून खोडून कागद फाटलाय.
रोग्याचं नाव: तिथे काही नाही.

मी तारखा लावून पाहिल्या.
बायबल-बाई आणि पेन्सिलवाली,
मध्ये तीस-बत्तीस वर्षं.
ती ही नव्हे.
तरी संध्याकाळपर्यंत दोघी एकाच उन्हात पडून होत्या
आणि मला उचलवेनात.

शालन बाणगंगेच्या दवाखान्यात अकरा महिने होती.
आम्ही सांगितलं, रतलामला नोकरी लागली.
मामांना, शेजारच्या घोडगावकरांना,
लग्नपत्रिका घेऊन आलेल्या प्रत्येकाला.
आई तर पगारसुद्धा सांगायची,
आकडा दर खेपेला थोडा वाढवून.
आमच्याही घरी इतिहास असाच लिहिला गेला, नीट मोजून,
आणि त्यात मी हातभार लावला:
रतलामहून आलेली म्हणून दोन पत्रं मीच वाचून दाखवली,
कोऱ्या कागदावरून.

रात्री तिला फोन केला.
काय घेतलंस, म्हणाली.
पुस्तकं.
कसली?
सांगितलं.
वेड्यांचं केवढ्याला?
चाळीस सांगत होता.
हसली. "स्वस्त गं अगदी."
मग मी तक्ता वाचला, सगळा, फाटल्या जागेसकट.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मला वाटलं, ठेवला फोन.

"ते घंटेचं," शालन म्हणाली,
"ते वाच ना परत."